राहात्याहून आणलेली तबकडी

यूसुफ गेल्याचा फोन त्याच्या सुनेने केला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. फोन ठेवला आणि उरलेली केली. त्याला आता दीड महिना झाला. या दिवसांत कधीतरी रडू येईल म्हणून वाट पाहिली... आलं नाही.

नगरात यूसुफला शिंपी म्हणून थोडे आणि जुन्या रेकॉर्डींचा वेडा म्हणून बरेच जण ओळखत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांत नव्या, हलक्या लाँग प्ले रेकॉर्डी येऊ लागल्या आणि जुन्या जड तबकड्या कोपऱ्यात पडल्या. त्या धुंडाळायला आम्ही रविवारी निघायचो. रेडिओची दुकानं, जुने बाजार आणि लग्नात कर्णे लावणारे लाऊडस्पीकरवाले. खरा माल यांच्याच पेट्यांत असे. यूसुफ तबकडी उजेडात तिरकी धरायचा. रेघा पांढुरक्या दिसल्या की सुईने खाल्लेली म्हणून ठेवून द्यायचा. मला गाण्यातलं काही कळत नसे. "वश्या, तुला कान नाहीत, पण पाय आहेत. चल," म्हणायचा.

घेत पुष्कळ असला तरी तो शोधत होता एकच तबकडी. त्याचे वडील एका नाटक कंपनीत सारंगी वाजवत. हा रांगत असतानाच ते वारले. घरात फोटो नाही, सारंगीही विकलेली. कंपनीतल्या एका गायिकेच्या तबकडीवर त्यांची साथ आहे, एवढं आईने सांगितलं होतं. "गाणं संपल्यावर थोडा वेळ नुसती सारंगी आहे म्हणे," यूसुफ सांगायचा. "तेवढेच अब्बा."

मी तेव्हा राहात्याला नोकरीला होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात तिथल्या सोनबानाना लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेटीत ती तबकडी निघाली. रेघा काळ्याभोर. यूसुफला लगेच निरोप धाडला. मी पैसे काढले तर नाना म्हणाले, "त्याच्या बापाचं वाजिवनं हाय न्हवं? मंग पैशे कशाचे? घिऊन जा. पर मांडीवर धरून न्या बरं का, भाऊसाहेब."

कोल्हारपर्यंत ती मांडीवरच होती. तिथे एसटीत गर्दी वाढली, कुणीतरी आपलं लेकरू माझ्या मांडीवर दिलं, आणि मी तबकडी ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवली. लेकरू झोपलं, मलाही डोळा लागला. नगरच्या स्टँडवर उचलली तर इंजिनाच्या धगीने तळलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती.

खरं सांगायचं असं ठरवूनच मी दुकानाची पायरी चढलो. यूसुफने मशीन थांबवलं.

"आणलीस?"

"नानांनी दुसऱ्याला विकली," मी म्हणालो. "त्याने जास्त दिले."

तबकडीची पिशवी माझ्या पायाशी होती. त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

पुढे एकदा नाना कापडबाजारात समोरून आले. यूसुफ रस्ता ओलांडून पलीकडे गेला. नाना माझ्याकडे बघत राहिले. "आमचं काय चुकलं का वो?" मी म्हणालो, "तो तसाच आहे." त्यानंतरही कित्येक वर्षं मी यूसुफबरोबर बाजारांत उकिडवा बसून ढीग उपसत होतो. तबकडी घरी माझ्या ट्रंकेत होती.

परवाच्या शोकसभेत एकाने हीच गोष्ट सांगितली. राहात्याच्या एका माणसाने पैशांसाठी यूसुफला त्याचे वडील ऐकू दिले नाहीत, अशी. लोक हळहळले. मी पहिल्या रांगेत होतो, उठलो नाही. म्हणून इथे लिहितो आहे. सोनबानानांनी एक पैसाही घेतला नव्हता. ते आता नाहीत, पण त्यांचा मुलगा राहात्यालाच मंडपाचं काम करतो. त्याने हे वाचावं.

सभेनंतर सुनेने रेकॉर्डींचं कपाट बघायला बोलावलं होतं. सगळ्या ओळीने उभ्या, आणि मध्ये एक रिकामं कागदी पाकीट. त्यावर यूसुफच्या अक्षरात गायिकेचं नाव, खाली 'सारंगी : अब्बा'. "याला ते कुणाला हात लावू देत नव्हते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने तबकडी घेऊन गेलो. सुनेला सगळं सांगितलं. तिने कपाट उघडून दिलं आणि ती आत गेली. मी तबकडी पाकिटात सरकवून पाहिली. अर्धी गेली, पुढे कागद फाटू लागला तेव्हा थांबलो. पाकीट होतं तिथे ठेवलं आणि तबकडी मांडीवर धरून बसून राहिलो.