वेळेचा सदुपयोग आणि चांद्याचं दावं

आमच्या घरात 'सदुपयोग' हा शब्द शिवीसारखा वापरतात. दूध उतू गेलं, पोहरा विहिरीत पडला, जावयाच्या आमटीत दोनदा मीठ पडलं, की कोणीतरी म्हणतंच, "झाला सदुपयोग!" हा शब्द घरात मी आणला. पुण्याहून, एम.ए.च्या पदवीबरोबर.

युद्ध संपलं होतं, रॉकेल अजून रेशनवर होतं. अर्थशास्त्रात एम.ए. होऊन मी सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर परतलो. एका कॉलेजात नोकरी ठरली होती, पण ती दिवाळीनंतर सुरू व्हायची होती. "मधल्या वेळेचा मी सदुपयोग करणार आहे," असं मी आल्या दिवशीच जाहीर केलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कर बाबा. पर कशाला हात लावू नगंस."

(हे मी मनावर घेतलं असतं, तर आज लिहायला बसावं लागलं नसतं.)

घरात आढ्याला ज्वारीची कणसं टांगलेली होती, धुरानं काळवंडलेली. तो गबाळेपणा मला बघवेना. सगळे शेतात गेलेले असताना मी ती उतरवली, बडवली, पाखडली आणि दाणे कणगीत ओतले. आईनं ते दळले. आम्ही भाकरी खाल्ल्या. "औंदा भाकरी लई गोड लागत्यात," असं आप्पा स्वतः म्हणाले! मग एका दुपारी त्यांची नजर वर गेली.

"बियाणं कुठं हाय?"

बियाणं आमच्या पोटात होतं.

शेजारच्या वस्तीवरचे सखातात्या धावून आले. त्यांनी स्वतःच्या आढ्याची कणसं आम्हाला दिली. "घ्या आप्पा. पन ह्या एम्म्याला त्याच्याखाली निजू देऊ नका." तात्या मला 'एम्मे' म्हणत, आणि म्हणताना शेळी ओरडल्यासारखा सूर लावत. माणूस बडबड्या, तंबाखूचा भोक्ता, पण बैलाची पारख त्यांची. पंचक्रोशीत कोणालाही बैल घ्यायचा असला की आधी तात्यांना बोलावणं जाई. तोच त्यांचा मान होता.

बी मिळालं, पण बैल एकच उरला होता. उन्हाळ्यात हरण्या रोगानं गेला, चांद्या एकटा राहिला. पेरणीची तिफण ओढायला जोडी लागते, आणि आमच्या कोरड्या मुलखात पाऊस पडल्यावर ओल आहे तोवर पेरलं नाही तर वर्ष गेलंच. आप्पांचा पाय मुरगळलेला. म्हणून घोडेगावच्या बाजाराला तात्या निघाले, आणि सदुपयोग म्हणून मी. चांद्यालाही बरोबर घेतलं. जोडीदार शोधायचा तर आपला बैल शेजारी उभा करून उंची, शिंगं, चाल जुळवून बघावी लागते.

बाजारात पोचल्यावर तात्या म्हणाले, "एम्मे, हितं दावं धरून हुभा ऱ्हा. मी तंबाखू घिऊन आलो. कुनी कायबी इचारलं तरी त्वांड उघडायचं न्हाई. समजलं?"

मी तोंड उघडलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

तात्या गेले आणि भेटेल त्याच्याशी गप्पा मारत बसले. इकडे एक पागोटेवाला हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, माझ्यापाशी आला. चांद्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "पाव्हणं, कुठं शिकता?"

तोंड उघडायचं नव्हतं. पण शिक्षणाचा विषय निघाल्यावर माणसानं किती सोसायचं? "एम.ए.," मी दातातल्या दातात म्हणालो. (हे तोंड उघडणं नव्हे.)

"वा!" म्हणून त्यानं खांद्यावरचं उपरणं पुढं केलं आणि त्याखाली माझा हात धरला. पुण्यात आमचे प्रोफेसर असेच शेकहँड करीत, फक्त उपरण्याशिवाय. त्यानं माझी बोटं दाबली. मी त्याची दाबली. त्यानं कमी बोटं धरली. मला वाटलं, संकोचला असेल. म्हणून मी त्याचा पुरा पंजा प्रेमानं आवळला आणि मान हलवली!

त्यानं माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं. शिकलेल्या मुलाचं कौतुक! मी नमस्कार केला. मग त्यानं चांद्याच्या गळ्यातलं आमचं दावं सोडून स्वतःचं बांधलं, आणि आमचं गुंडाळून माझ्या हातात दिलं. किती प्रामाणिक माणूस, असं मला वाटलं. तो चांद्याला घेऊन चालू लागला. पाणी पाजायला नेत असेल.

तात्या आले. "बैल कुठंय?"

मी सगळं सांगितलं. तात्यांच्या हातातली तंबाखू खाली सांडली. "आरं मुडद्या, उपरन्याखाली बोटांनी भाव करत्यात! तू बैल इकलास!"

हेडी बाजाराच्या टोकाशी सापडला. तात्या त्याच्या हातापाया पडले. "पोराला कळत न्हाई हो."

"कळत न्हाई कसं? एम्मे हाय म्हनत हुता! इसाराचं नाणं घेतलं, वर नमस्कार केला. भर बाजारात शबुद फिरवता?"

जी किंमत आली, तिच्यात चांद्याची शिंगंही आली नसती.

घरी दारात आई हळदकुंकू, पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, नव्या बैलाला ओवाळायला. तिनं माझ्या मागे पाहिलं. तात्यांच्या मागे पाहिलं. मग माझ्या हातातल्या रिकाम्या दाव्याकडे पाहिलं आणि भाकरी पदरात झाकली.

आप्पांनी विचारलं, "चांद्या?"

मी म्हणालो, "तात्यांना विचारा."

एवढे दोनच शब्द. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माजीच चूक झाली, आप्पा. सौदा फसला."

आप्पा उठून आत गेले. तात्यांनी आधी आमचं शेत स्वतःच्या जोडीनं पेरून दिलं, मग स्वतःचं. तोवर ओल उडाली होती. त्यांची ज्वारी गुडघ्याएवढीच वाढली. आप्पांनी त्यांना पाणी दिलं, तंबाखू दिली नाही. आणि बोलावणी बंद झाली. आप्पांचा बैल घालवला, त्याला कोण विचारणार? मी दिवाळीनंतर नोकरीवर गेलो आणि मुलांना बाजारभाव शिकवू लागलो. दर सुट्टीला तात्या बांधावरून हाक मारीत, "काय एम्मे, बरं हाय ना?" दर सुट्टीला मी म्हणे, "बरं आहे." आप्पा गेले, तात्याही गेले. मी बोललो नाही.

परवा एका लग्नात तात्यांचा नातू भेटला. हसत म्हणाला, "आमच्या आज्यानं तुमचा बैल बुडवला म्हनं!"

मी त्याला खरं सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"म्हातारा शेवटपोत्तर बाजाराच्या दिवशी पागोटं बांधून वट्यावर बसायचा," तो म्हणाला. "कुनी बोलवायला येतंय का म्हनून. ते तुमच्यापायी व्हय?" मग म्हणाला, "बाबा, हे लिवून द्या. गावाला वाचून दावतो."

म्हणून हे लिहिलं. चांद्याला मी विकलं. सखातात्यांनी नाही.

सकाळपासून मला वाकून लिहिताना पाहून सूनबाईनं आतून विचारलं, "मामंजी, काय चाललंय?"

"काही नाही गं," मी म्हणालो, "रिकामा होतो, म्हटलं वेळेचा सदुपयोग करावा."

ती हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून गोठ्याकडे धावली. गाय जागेवर आहे का, बघायला!