फेरभेटीला येऊ नकोस

अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या इस्पितळात मार्लिस टोलेफसन एकतीस वर्षं एकच काम करत आली: डॉक्टर झालेल्या पोरांना पुढच्या शिक्षणासाठी निवडायच्या भानगडीतले कागद सांभाळायचे. मुलाखती आटोपल्या की पोरं इस्पितळांची पसंतीची यादी करणार, इस्पितळं पोरांची, आणि मार्चमध्ये संगणक दोन्ही याद्या जुळवून जोड्या लावणार. मधल्या फेब्रुवारीत, इस्पितळासमोरचं तळं गोठलेलं असताना, मनात भरलेल्या पोरांना फेरभेटीचं आमंत्रण जायचं. पुन्हा एकदा या, गाव बघा, आमच्यासोबत जेवा.

या फेरभेटीचा निवडीशी काडीचा संबंध नसे. प्रमुख डॉ. हॉगे आपली यादी त्याआधीच बंद करून टाकत, म्हणजे गोड बोलून कुणी वर सरकायला नको. पत्रात तसं छापलेलंही असे. पण ही पोरं छापलेलं वाचतात थोडंच? त्यांना ओळीओळीत इशारे दिसतात.

सहा वर्षांपूर्वी थॅडियस ब्रँट नावाच्या पोराच्या पत्राखाली मार्लिसने हाताने लिहिलं होतं, 'तू आलास तर फार आनंद होईल.' मुलाखतीच्या दिवशी त्याने तिच्या लिंबाच्या वड्या तीनदा मागून खाल्ल्या होत्या, एवढंच निमित्त. त्या ओळीवर तो फार्गोहून बर्फात निघाला आणि वाटेत गाडी उलटून गेला. यादीतून त्याचं नाव काढायचं काम मार्लिसचं होतं. तिचा हात धजला नाही. त्याने आपली यादी निघण्याआधीच पाठवून दिली होती. मार्चमध्ये निकाल आला, तर निवडलेल्या आठांत दुसरं नाव थॅडियसचं. फेरभेटीला आला नसता तरी ती जागा त्याचीच होती.

तेव्हापासून तो तिला सोडत नाही. फेब्रुवारीत पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या छापल्या की एक जास्त निघाल्यासारखी वाटते, आणि ती पुन्हा मोजत बसते. तळ्याकडच्या खिडकीशी उभं राहून कुणीतरी वडी खात असतं. ती मान वर करत नाही. नवऱ्यालाही तिने हे सांगितलेलं नाही.

यंदा फेरभेटीच्या आदल्या दिवशी सकाळी आयोवाहून, आमंत्रण गेलेल्या रोसालिंड मेदिनाचा फोन आला.

"मॅडम, इकडे बर्फ सुरू झालंय. पण मी निघतेच."

"निघू नकोस."

"अहो, मला खरंच तिथे यायचंय, हे दिसायला नको का?"

"पोरी, आमची यादी बंद झालीय. तू येऊन काही बदलायचं नाही."

पलीकडे गाडीची किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"समजलं," रोसालिंड म्हणाली. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं."

"तसा अर्थ काढू नकोस गं. घरी नीट राहा, एवढंच म्हणतेय."

"हो. राहते घरीच."

डॉ. हॉगेंच्या यादीत रोसालिंड पहिली होती. पण कुणाचा नंबर कितवा हे बोलायची सोय नव्हती, त्यात नोकरी जाते. आणि पोरांच्या याद्या अजून उघड्या होत्या; आपल्याला नाकारलं असं समजून रोसालिंड डुलुथचं नाव खाली ढकलू शकत होती.

मार्चच्या निकालात तिचं नाव नव्हतं.

"पहिल्या नंबरची पोरगी हातची गेली," डॉ. हॉगे म्हणाले. "काय बोललीस तिला, मार्लिस?"

"बर्फ पडतंय म्हणाले."

"मिनेसोटात जन्म काढून लोकांना बर्फाचं भय घालतेस होय?" ते हसत निघून गेले.

मार्लिसने निकाल पुन्हा वाचला. आठही नावं जिवंत माणसांची होती. रोसालिंडच्या नावाची पडून राहिलेली चिठ्ठी ती खणात, सहा वर्षं जपलेल्या थॅडियसच्या चिठ्ठीशेजारी ठेवायला गेली आणि थबकली. मग तिने ती पर्समध्ये टाकली. या पोरीला बर्फातून वाचवलं, आता तरी थॅडियस गेला असेल, असं तिला वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिने खिडकीकडे मान वर करून पाहिलं.

तो तिथेच होता. अंगात कोट, आता इथून निघायच्या तयारीत.