मंदाताईंची चिठ्ठी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगून राहिलो — खरंच कळत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पांढुर्ण्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. दोन वर्षं हेडसरांच्या मागे लागून मी शाळेत कॉम्प्युटर आणवला होता. त्या खोलीची किल्ली मात्र विज्ञानाच्या मंदाताईंकडे असायची. त्या रोज सौंसरहून बसने येत, आणि प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगला लिहीत. हे मला सलत होतं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो.

छिंदवाड्याला एका परीक्षेसाठी दहा मुलं पाठवायची होती. चाचणीच्या गुणांवरून यादी काढायचा प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. गुण क्रमाने लावणं काही जमेना. मंदाताईंनी क्रम लावायचा आपला तयार भाग दिला, सोबत एक चिठ्ठी — ‘माझा भाग तुमच्यात घालण्याआधी माझ्या सगळ्या नावांपुढे Z लावा. नाहीतर तुमची आणि माझी नावं एक होतील.’

मी वाचली. नाही, चाळली. खिशात घातली.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकडा नाव दिलेल्या एका डब्यात ठेवावा लागतो. मी ज्या नावाखाली मुलांचे गुण ठेवले होते, त्याच नावाखाली त्यांचा भाग आपला तात्पुरता आकडा ठेवायचा. यंत्राला काय — नाव एक म्हणजे डबा एक. काही मुलांच्या गुणांवर भलतेच आकडे बसले. कागदावर यादी इतकी नीट छापून आली की तपासावीशीच वाटली नाही. पहिल्या दहा मुलांची नावं छिंदवाड्याला गेली.

चार दिवसांनी कल्पनाचे वडील आले. संत्र्याच्या बगिच्यातून तसेच, पायाला माती. “गुरुजी, माही पोरगी वर्गात पयली येते. तिचं नाव काहून नाही?”

हेडसरांनी तिचा चाचणीचा पेपर काढला. चौऱ्याण्णव गुण. कॉम्प्युटरच्या पूर्ण यादीत तिच्या नावापुढे एकतीस. छिंदवाड्याला विचारलं, तर नावं आता बदलणार नाहीत म्हणाले. कल्पना दाराशी उभी होती, बापाच्या पिशवीचा बंद धरून. रडली नाही.

“हे कोणाचं काम आहे?” हेडसरांनी विचारलं.

मी म्हणालो, “क्रम लावायचा भाग मंदाताईंचा आहे.” हे खोटं नव्हतं — नव्हतं ना? इथवर मी स्वतःला अजूनही समजावू शकतो.

मंदाताई तिथेच होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. “सर, मी चिठ्ठी दिली होती ना तुमाले?”

चिठ्ठी खिशात होती. त्याच सदऱ्याच्या.

“कोणती चिठ्ठी?”

एवढंच. दोन शब्द. ते मी ठरवून बोललो की तोंडातून निघून गेले? इतकी वर्षं उलटसुलट करून पाहिलं, उत्तर सापडत नाही. पण दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तेव्हा तर तोंड माझ्याच ताब्यात होतं.

हेडसरांनी किल्ली त्यांच्याकडून घेतली आणि माझ्या हातात दिली. मंदाताई पुढे तीन वर्षं त्या शाळेत होत्या. त्या खोलीत पुन्हा आल्या नाहीत. आणि मी? दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून सांगायचो — दुसऱ्याचा भाग घेताना त्याच्या नावांपुढे वेगळं अक्षर लावा. मुलं म्हणायची, सर किती बारकाईनं शिकवतात.

पुष्कळ वर्षांनी सौंसरच्या बसस्टँडवर त्या दिसल्या, नवऱ्यासोबत. मला टाळता आलं नाही. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “हे आमचे सर. शाळेत कॉम्प्युटर यांनीच आणला होता.” हसून म्हणाल्या. टोमणा होता की मनापासून होतं? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

मी हात जोडले. “माझी गाडी लागली,” म्हणालो, आणि समोर उभ्या बसमध्ये चढलो.

ती छिंदवाड्याची होती. मला पांढुर्ण्याला जायचं होतं.