चरकाचे दाते

मृण्मयी देशपांडे शहराच्या बीड बायपासजवळच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायच्या. २०१९ च्या दुष्काळात तिथं एकीकडं नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत कन्नड-वैजापूरकडच्या खेड्यांतली माणसं येऊन राहत होती. त्यांचीच मुलं बाईंच्या वर्गात.

मुलांनी शाळेच्या रोबोटच्या खोलीत एक छोटी गाडी जोडली होती. फरशीवर ती सुसाट पळायची, फळीच्या चढावर मात्र जागीच घरघरायची. बाईंनी मोटरला आठ दात्यांचा गिअर लावायला सांगितला आणि चाकाला चाळीस दात्यांचा. गाडी मुंगीच्या चालीनं चढून गेली.

"हळू झाली, पण जोर आला," सातवीतली तनुजा म्हणाली. "लहान्याचे पाच फेरे, तवा मोठ्याचा एक. व्हय ना मॅडम?"

"बरोबर. आता बाहेर असे दाते कुठं दिसतात ते बघा. मोजून या."

तनुजाचा बाप बद्रीनाथ शेत पडीक पडल्यावर बायपासला रसवंती चालवत होता. शनिवारी दुपारी तनुजा दाते मोजायला उसाच्या चरकाच्या मागं गेली. गिअरवरचा पत्रा काढूनच ठेवलेला होता. चरक थांबलेला होता. मोजणी कुठून सुरू केली ते कळावं म्हणून एका दात्यावर खडूची खूण करायला तिनं हात घातला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बद्रीनाथनं पुढून बटण दाबलं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बाई घाटीच्या सरकारी दवाखान्यात पोचल्या तेव्हा बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून उभा होता. "बटन म्या दाबलं," एवढंच म्हणत होता. त्याची बायको आशाबाई सरळ बाईंसमोर आली.

"मोजाया कुनी धाडलं व्हतं तिला?"

"मी."

"मंग तुमीच सांगा, आता तिनं लिहायचं कशानं?"



हा अपघातच, असं मुख्याध्यापकांनी समजावलं. बाईंना पटलं नाही. थांबलेलं यंत्र म्हणजे बंद केलेलं यंत्र नव्हे, हे त्यांनी वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. उन्हातान्हात त्या बायपासच्या रसवंत्यांवर फिरल्या, गिअरवर पत्रे बसवा म्हणून विनवत राहिल्या. काहींनी बसवले. एकानं हसून सांगितलं, "चाकं फिरताना दिसली की लोक थांबतेत, मॅडम."

जूनमध्ये शाळा भरली. तनुजा आली नाही. बाई तिच्या खोलीवर गेल्या. बद्रीनाथनं रसवंती सोडली होती, तो बांधकामावर जात होता. तनुजा डाव्या हातानं भांडी घासत होती.

"शाळेत येतेस?"

तिनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं.

"त्या रोबोटच्या खोलीत नाय येनार."

"नको येऊस."

"गणिताला येते."

आशाबाई चुलीपुढून उठली नाही. पण नको असंही म्हणाली नाही.

तनुजा शेवटच्या बाकावर बसू लागली, उजवा हात ओढणीत गुंडाळून. बाई फळ्यावर उदाहरण लिहीत आणि वर्गाकडं पाठ ठेवूनच थोडं थांबत, डाव्या हातानं तिचं उतरवून होईपर्यंत.