सर्दीच्या गोळ्या

दत्तू सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता. त्याची बायको संध्या जवळच्याच वर्कशॉपमध्ये मोटारीच्या कॉइल गुंडाळायची. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्यामुळे सत्याण्णवच्या थंडीत पाळी चुकली, तेव्हा तिने फारसं मनावर घेतलं नाही. त्यातच जबर सर्दी झाली. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खात ती कामावर जात राहिली.

पुढे तपासणीत दिवस गेल्याचं कळलं. दत्तूने पेढे आणले. संध्याने पेढा तसाच बाजूला ठेवला; तिला त्या गोळ्या आठवल्या होत्या. शेजारच्या लताबाईंना तिने हळूच विचारलं.

"सुरुवातीला असलं औषध पोटात गेलं की मूल अधू होतं," त्या म्हणाल्या. "आत्ताच मोकळी हो. एकदा राहिलंय, म्हणजे पुन्हा राहील."

दत्तूला न सांगता संध्या एकटीच दवाखान्यात गेली.

"मॅडम, मला हे मूल नको."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पाहिला. "सात वर्षांनी राहिलंय. मग नको का?"

संध्या रडायलाच लागली. पर्समधून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं.

बाईंनी नावं वाचली. किती घेतल्या, कधी घेतल्या, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "या साध्या गोळ्या आहेत. यांनी मूल अधू होतं असं आढळलेलं नाही. थोडी धाकधूक कुठल्याही गरोदरपणात असतेच, ती काही मी काढून टाकू शकत नाही. पण या गोळ्यांपायी मूल पाडायचं काही कारण नाही. यापुढे मात्र मला विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस."

बाहेर येऊन संध्या बाकावर बसून राहिली. पाय हलके झाले होते आणि सडकून भूक लागली होती. कोपऱ्यावर गरम वडापाव खाऊन ती थेट कारखान्याच्या गेटवर गेली. शिफ्ट सुटल्यावर दत्तूला तिने सगळं सांगितलं.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही पेढे वाटत होतात."

सायकल हातात धरून दत्तू घरापर्यंत तिच्या बरोबरीने चालत आला.

श्रावणात मुलगी झाली, ठणठणीत. लताबाई शिऱ्याचा डबा घेऊन आल्या, बाळाला निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझं ऐकलं नाहीस."

संध्याने बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.