हौसाक्काच्या खिडक्या

हौसाक्का रस्त्यानं चालताना माणसांकडं बघत नसे, खिडक्यांकडं बघे. मी लग्न होऊन सांगलीला नवी आले, तेव्हा आमच्या दाराशी थांबून तिनं मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं : "आवं वैनी, घर झ्याक हाय, पर खिडकीचं कपाळ उघडंच ठिवलंय की!" दुसऱ्या दिवशी ती सुईदोरा घेऊन हजर.

ती पलूसकडच्या शेतकरी घरातली सून. नवरा पलटणीत होता. थोरल्या दिराशी तिचं पटत नसे, म्हणून लढाईवर जाताना नवऱ्यानं तिला आमच्या शेजारी दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या होत्या. चोळ्या-परकर शिवून ती पोट भरी.

लढाईमुळं कापड कंट्रोलवर होतं. नवं कापड खिडकीला लावायचं म्हणजे उधळपट्टीच. हौसाक्का जुनी लुगडी फाडून त्यांचे काठ काढी. "खिडकीच्या दुप्पट लांब घ्या वैनी, कंजूषपना केला की चुण्या रुसत्यात," ती मला सांगे. मग वरची कड दुमडून परकराला करतो तसा नेफा, त्यात सुतळी, सुतळी दोन खिळ्यांना. खालची कड बारीक टाक्यांनी मुडपलेली. वीतभर रुंदीची ती झालर लागली की आमची काळी पडलेली चौकटसुद्धा लग्नघरातली वाटे.

एके दिवशी तिच्याकडं तार आली. नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता.

चार दिवसांत थोरला दीर आला. गावात त्याला सगळे आबा म्हणत. सगळी गल्ली दारात उभी होती. तो उंबऱ्यातूनच ओरडला, "बांगड्या फोड आन् गावाकडं चल. माझा भाऊ गेला, आन् तू खिडक्या नटवत बसलीस?" बोलता बोलता त्यानं हात घालून झालर ओढली. ती टर्रकन फाटली.

थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत. हौसाक्का त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "आबा, मालक हरवल्यात. मेलं न्हाईत. सरकारला सापडंनात म्हणून मी रंडकी व्हायचं व्हय?"

तिनं फाटलेली झालर उचलली आणि तिथंच पायरीवर बसून, त्याच्यादेखत शिवायला घेतली. दोनदा सुई बोटात गेली. पण ती उठली नाही. शेवटी आबाच निघून गेला.

गल्लीत कुजबूज सुरू झाली. माझ्या सासूबाईंनी मला तिच्याकडं जायला बंदी केली. मी रोज गेले.

लढाई संपली. बऱ्याच महिन्यांनी जपान्यांच्या कैदेतून सुटलेला, पलटणीतला एक गडी तिचं घर शोधत आला. तिच्या नवऱ्याला तिथं त्यानंच अग्नी दिला होता. हौसाक्कानं सगळं ऐकलं, त्याला भाकरी करून वाढली, आणि तो गेल्यावर स्वतःच्या हातानं बांगड्या फोडल्या. तसा आक्रोश मी पुन्हा ऐकला नाही. बायका जमल्या. त्यातली एक म्हातारी खिडकीकडं वळली आणि झालरीला हात घातला.

हौसाक्का रडता रडता उठली. "हात लावू नगा! कपाळ माझं उघडं झालंय, घराचं न्हाई. ह्ये घर मालकांनी मला उजेडात ऱ्हायला दिलंय."

म्हातारीनं हात मागं घेतला.

पुढं काही वर्षांनी आबा पुन्हा आला, या वेळी मान खाली घालून. सासू अंथरुणाला खिळली होती, आणि हौसाक्काशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हती. "त्या माउलीनं मला कदी वाकडा शबूद दिला न्हाई," हौसाक्का मला म्हणाली आणि बोचकं बांधून गेली.

त्यानंतर मी तिला एकदाच भेटले. यजमानांचं पलूसला काम निघालं, तेव्हा मीही गेले. दोघी सासवा-सुनांना मागची खोली दिली होती. तिला खिडकी नव्हती. हौसाक्कानं खिडकी मागितली, तर आबा म्हणाला होता, "विधवेला खिडकी कशाला? रस्ता बगायला?"

मी पोचले तेव्हा भिंतीला भगदाड होतं. ना चौकट, ना गज. कडेची माती अजून ओली होती आणि पहार कोपऱ्यात टेकलेली होती. आबा पुढच्या सोप्यात पाठ करून बसला होता.

"भिंत कोसळली असती तर?" मी विचारलं.

"कोसळली आसती तर दुसरी बांदली आसती," झालरीच्या चुण्या घालत ती म्हणाली.

उन्हाचा पट्टा बाजेवर पडला होता. तिच्या म्हाताऱ्या सासूनं मोठ्या कष्टानं मान उचलून बाहेर उसाच्या रानाकडं बघितलं.

"हौसे," ती सोप्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय? आनखी हातभर पाड. मला पल्याडचा बांध दिसंना."

हौसाक्कानं सुई कापडात खोचून ठेवली, पदर कमरेला खोवला आणि पहार उचलली.