सलाइनच्या खोलीतले आम्ही

महिन्यातून एकदा खुर्चीत बसून शिरेतून औषध घ्यायचं म्हटलं, की औषधापेक्षा किस्सेच जास्त अंगात भिनतात. हर्नडनच्या आमच्या क्लिनिकात मराठी पेशंट दोनच, मी आणि भावेकाका. आजार दोघांचा एकच, मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चवताळून आपल्याच नसा खाते. औषध तिला गप्प करतं, आणि ती गप्प झाली की बाहेरचे जंतू खुशाल आत येतात. फुकट काही मिळत नाही, अमेरिकेत तर नाहीच!

पहिल्याच सलाइनला माझ्या अंगभर पित्त उठलं, घसा आवळला. नर्स इंजेक्शन घेऊन धावली. भावेकाकू मला चोळायला पर्समध्ये आमसुलं शोधायला लागल्या. काका ओरडले, "अगं, तिला श्वास घेता येत नाहीये आणि तू काय सोलकढी करतेस?"

थकवा येतो म्हणून मॅनेजरला सांगितलं. तो फार हळहळला. मग त्याने टीमची मीटिंग माझ्या सलाइनच्या वेळेलाच ठेवली. तेवढा वेळ मी बसूनच असते, म्हणे.

इथल्या मराठी मंडळात माझ्या आजाराचं कळल्यावर लोक भेटायला आले. आपल्यात आजाऱ्याला भेटायला जातातच. एक मावशी खोकत खोकत पुरणपोळ्या घेऊन आल्या. "कणकण आहे गं, पण म्हटलं तुला बघितल्याशिवाय राहवणार नाही." पोळ्या उत्तम झाल्या होत्या, असं नवरा म्हणाला. मी तोवर न्यूमोनियाने हॉस्पिटलात होते.

काकांचं काकूंवर खेकसणं सगळ्या खोलीला पाठ. ड्रायव्हिंग हळू, चहा पाणचट, शाल चुकीची. एकदा नवी नर्स काकूंना म्हणाली, हा चिडचिडेपणा औषधाचा तर नसेल? काकू म्हणाल्या, "छे, लग्नापासून आहे. औषधाला कशाला नावं ठेवायची?"

या औषधाचा एक साइड इफेक्ट मात्र आम्ही कुणी तोंडाने उच्चारत नाही. क्वचित कुणाच्या मेंदूत इन्फेक्शन शिरतं. ताप येतोच असं नाही, कधी आधी माणसाचा स्वभाव बदलतो. म्हणून नर्स दर वेळी घरच्यांना विचारते. हो म्हटलं, की औषध बंद आणि मेंदूचा एमआरआय.

गेल्या महिन्यात काका काकूंना म्हणाले, "दमली असशील. बस तू, चहा मी ओततो." मी मोबाइलमधून मान वर केली. काकू माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "दोन आठवडे असंच चाललंय गं. काल माझे पाय चेपून दिले."

तेवढ्यात नर्स आली. तिने काकूंना विचारलं, यांच्या वागण्याबोलण्यात काही फरक?

काकांनी कप पुढे केला होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"नो," त्या म्हणाल्या. "नो चेंज."

नर्सने सलाइन सुरू केलं.